मुंग्यावाल्याचं रंगीत घर

माझ्या थोरल्या भावाला आख्खी गल्ली मुंग्यावाला म्हणते. चाळीस वर्षं लोक त्याच्या दारात येऊन एकच वाक्य बोलत आले, "अहो, आमच्या टीव्हीवर मुंग्या आल्यात," आणि चाळीस वर्षं तो लोकांच्या मुंग्या घालवत आला. त्याचं खरं नाव आता मतदारयादीत तेवढं उरलंय. मी त्याला दादा म्हणते. राग आला की मीसुद्धा मुंग्यावालाच म्हणते, आणि राग मला वरचेवर येतो.

तो खाली राहतो, मी वरच्या मजल्यावर. त्याच्या घराची पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान. खिडकीपाशी लांब टेबल, टेबलावर सोल्डर गन, मागे भिंतभर छोटे छोटे खण आणि प्रत्येक खणावर त्याच्या ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी. टेबलासमोर एक आरसा. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटायचं, हा माणूस काम करताना भांग पाडतो की काय. पण टीव्ही दुरुस्त करायचा तर हात टीव्हीच्या पाठीत आणि नजर पडद्यावर लागते, म्हणून तो आरसा. आयुष्यभर दादाने जगातली सगळी चित्रं उलटीच पाहिली.

आणि एक रजिस्टर. तारीख, गिऱ्हाईक, तक्रार, केलेलं काम, आणि शेवटच्या रकान्यात 'चालू स्थितीत मिळाला' म्हणून सही. सहीचा त्याचा कायदा असा, की गिऱ्हाइकाने आपल्या सेटसमोर खुर्ची ओढून पाच मिनिटं बसायचं. घाई असली तरी बसायचं. "डोळ्यांनी बघा, मग सही करा," हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलंय की मला झोपेतही ऐकू येतं. मी तीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीत बसले, सह्या घेण्यातच माझा जन्म गेला. पण मीदेखील लोकांना एवढं छळलं नाही.

दुसरा कायदा याहून कडक. गिऱ्हाइकाचा सेट म्हणजे गिऱ्हाइकाचा. दुरुस्तीला लागेल तेवढाच वेळ तो चालू करायचा, त्यावर घरच्यांनी काही बघायचं नाही. त्याच्या दुकानात एका वेळी चार-चार रंगीत टीव्ही पडलेले असायचे आणि आतल्या खोलीत वहिनी काळ्यापांढऱ्या टीव्हीसमोर बसून बातम्या बघायची. आजही कोपऱ्यात एक रंगीत सेट कापडाखाली झाकून ठेवलाय. मालक ठेवून गेला तो बावीस वर्षांत फिरकला नाही. दादा दर महिन्याला त्याच्यावरची धूळ पुसतो. "अरे, वापर की तो," असं मी कितीदा म्हटलं. तो म्हणतो, "आपला आहे का?"

आता त्या कॉम्प्युटरचं सांगते, कारण सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

त्याची मुलगी सात वर्षांची असताना बदलीच्या गावी निघालेल्या एका प्राध्यापकाने आपला घरगुती कॉम्प्युटर दादाला विकला. कॉम्प्युटर म्हणजे वहीएवढा काळा डबा, त्यावर खोडरबरासारखी मऊ बटणं. पडदा नाही, काही नाही. त्याची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात घालायची आणि कार्यक्रम साध्या कॅसेटवर साठवायचे. कॅसेट लावली की ती चार मिनिटं किंचाळायची आणि मग चित्र यायचं. दादा त्या डब्यावर असा काही लट्टू झाला, की वहिनीने दोन महिने त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं होतं.

मुलीला आम्ही सगळे खारू म्हणायचो, कारण ती एका जागी बसायचीच नाही. त्या डब्यासमोर मात्र बसायची. बापलेकींनी मिळून एक चित्र बनवायला घेतलं. घर, घराला छप्पर, दार, बाजूला झाड, दारात फ्रॉक घातलेली मुलगी, वर आभाळ. दादा एकेक रेघ आकड्यांत टाइप करायचा आणि खारू शेजारच्या स्टुलावर पाय हलवत रंग सांगायची. त्या यंत्रात रंगांना नंबर होते. निळा एक, लाल दोन, जांभळा तीन, हिरवा चार, असं करत पांढरा सात. छप्पर लाल, आभाळ निळं, झाड हिरवं, फ्रॉक पिवळा. तिने सांगायचं, दादाने नंबर टाकायचा. आणि समोरच्या टीव्हीवर सगळं करड्या रंगाचं दिसायचं.

"बाबा, हे लाल कुठे दिसतंय?"

"रंग आत आहेत गं," दादा म्हणायचा. "टीव्हीला दिसत नाहीत एवढंच."

पोरीने ते शब्द उराशी धरले. शाळेत जाऊन सांगितलं, की आमच्याकडे लाल छपराचं घर आहे, कॉम्प्युटरमध्ये. तीन मैत्रिणी एका दुपारी बघायला आल्या. करडं घर बघून त्यातली एक म्हणाली, "हे तर काळंपांढरंच आहे." खारू म्हणाली, "रंग आत आहेत." तिघी इतक्या हसल्या, की जिन्यात माझ्यापर्यंत आवाज आला. त्या गेल्यावर खारू थेट दुकानात गेली. टेबलावर कुणाचा तरी मोठा रंगीत सेट होता. तिने हट्ट धरला, की आत्ताच्या आत्ता याला कॉम्प्युटर जोड. पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं.

दादा म्हणाला, "बघू."

दादाचं 'बघू' म्हणजे नाही. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं, त्या दिवशी खारूलाही कळलं. पुढचे दोन महिने दुकानात नवा रंगीत सेट आला की ती दारात उभी राहायची, आणि दादा म्हणायचा, बघू. मग तिने विचारणं सोडलं. घरात रंगीत टीव्ही आला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. वहिनी म्हणाली, "अगं, आता तुझं ते चित्र बघून घे." खारू म्हणाली, "आता नको." एवढंच, दोन शब्द. मी दादाकडे पाहिलं तर तो खाली मान घालून वायर सोलत होता.

भांडण असं कधी झालं नाही. पण तेव्हापासून ती बापाकडे काही मागायला म्हणून गेली नाही. शिक्षण, नोकरी, लग्न, सगळं तिने आपलं आपण केलं, फोन नेमाने केला, वहिनी गेली तेव्हा महिनाभर येऊन राहिली. चांगली मुलगी. फक्त बापाशी बोलताना तिचा आवाज टपाल कचेरीच्या खिडकीतून बोलल्यासारखा यायचा, आणि तो आवाज मला चांगलाच ओळखू येतो.

यंदा दादाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं. तशीही दुरुस्तीला आता चिटपाखरू येत नव्हतं. खारू म्हणाली, रविवारी येते, दुकान आवरून टाकू. दादा तयार झाला, पण दारावरची पाटी काही काढू देईना. "एक काम बाकी आहे," म्हणायचा. आम्हाला वाटलं, कोपऱ्यातल्या त्या बेवारशी सेटविषयी बोलतोय.

गुरुवारी तिचा फोन आला. दादाला ऐकायला कमी येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे मला कान लावायची गरज पडत नाही.

"बाबा, तो जुना कॉम्प्युटर आहे ना अजून? टाकून देऊ नका. ते घर मला एकदा रंगीत बघायचंय."

मी दादाकडे पाहिलं. सदतीस वर्षांनी पोरीने काहीतरी मागितलं होतं. माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं.

दादा म्हणाला, "बघू."

फोन ठेवल्यावर मी त्याला असं फैलावर घेतलं, की टेबलाखालच्या मांजरीने पळ काढला. "आता कुठलं गिऱ्हाईक आडवं येतंय तुला? माझा टीव्ही आहे ना वर, चांगला सपाट, रंगीत. तो घे. पण या रविवारी जर ती पोर करडं घर बघून परत गेली, तर मुंग्यावाल्या, ती पुन्हा काही मागणार नाही, आणि मीही तुझ्या घरी पाऊल टाकणार नाही." दुसरी धमकी फारशी टिकणारी नव्हती, त्याचा चहा माझ्याकडेच होतो. पण पहिलं त्याला पटलं असावं.

शुक्रवारी सकाळी त्याने माळ्यावरून खोकं काढलं. एकदा डबा उघडून समोर आला आणि बघता बघता दादाची पाठ ताठ झाली. नवे डोळे, नवा चष्मा, आणि मी शेजारी टॉर्च धरून. त्याने मला समजावून सांगितलं, की हा डबा चित्र अँटेनाच्या भाषेत बाहेर पाठवतो आणि तुझ्या सपाट टीव्हीला ती नीट समजत नाही. म्हणून आतल्या पत्र्याच्या डबीच्या आधीच चित्र अडवायचं आणि सरळ वायरने टीव्हीच्या मागच्या पिवळ्या भोकात घालायचं. दोन ठिकाणी सोल्डर. हात थोडा थरथरत होता, पण सोल्डर टेकवायच्या क्षणी थरथर थांबायची. मी तसं म्हणाले तर तो म्हणाला, "बोलू नकोस, तुझ्या श्वासाने टॉर्च हलतो."

कॅसेट प्लेअरचा पट्टा आत वितळून डांबर झाला होता. दादाने एका खणातून दुसरा काढला. चिठ्ठीवर 'पट्टे, बारीक' लिहिलेलं होतं आणि आत खरोखर बारीक पट्टे होते. माझ्या स्वयंपाकघरात एवढी शिस्त असती तर मी कुठल्या कुठे गेले असते.

वरचा टीव्ही आम्ही दोघांनी मिळून खाली आणला. दोघांचं वय धरलं तर दीडशेला आठ कमी, त्यामुळे जिन्यात तीन वेळा थांबलो. टीव्ही खोलीच्या मागच्या फळीवर ठेवला, कारण टेबलावर जागा नव्हती. दादा टीव्हीकडे पाठ करून टेबलाशी बसला आणि सवयीने आरशात बघू लागला. कॅसेट लावली. ती चार मिनिटं किंचाळली. मी कान झाकले, दादाने डोळे मिटून घेतले. आणि मग पडद्यावर वरून खाली एकेक पट्टी उमटत घर आलं.

करडं.

एवढा मोठा रंगीत टीव्ही, आणि त्यावर काळंपांढरं घर. मला रडूच यायचं बाकी होतं. दादा मात्र वळून म्हणाला, "गेलेला दिसतोय. रंगाचा भाग गेला. एवढ्या जुन्याला काय करणार? सांगू तिला फोनवर." आणि उठून हात धुवायला गेला.

मी आहे तशी उभी राहिले. माणसाचा चेहरा बघून पाकिटात काय आहे ते ओळखायची मला तीस वर्षांची सवय. ज्या माणसाने पुरात बुडालेला टीव्ही महिनाभर खपून चालू केला होता, तो पाच मिनिटांत हात टेकतो? आणि हात टेकताना त्याच्या चेहऱ्यावर चक्क जिवात जीव आल्याचं दिसतं? कुठेतरी पाणी मुरत होतं.

दादा दुपारी झोपला तेव्हा मी रजिस्टरांचा गठ्ठा काढला. त्याने आयुष्यात एकही काम नोंदल्याशिवाय केलेलं नाही, मग हे तरी कसं राहील? सदतीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर चौथं निघालं. पानं उलटत गेले आणि एका ठिकाणी थांबले. गिऱ्हाइकाच्या रकान्यात लिहिलं होतं, खारू.

तक्रार: 'लाल छप्पर निळ्या आभाळात दिसत नाही. करड्यात दोन्ही सारखीच.'

केलेलं काम: 'आभाळ पिवळं केलं. छप्पर हिरवं केलं. मग झाड छपरात मिसळलं, म्हणून झाड जांभळं. फ्रॉकही आभाळासारखाच पिवळा, म्हणून फ्रॉक निळा. आता करड्यात सगळं स्वच्छ दिसतं. गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही.'

सहीचा रकाना रिकामा होता.

मी ते तीन वेळा वाचलं. मग हसायला लागले, आणि हसता हसता थांबले.

दादा उठल्यावर मी रजिस्टर उघडंच त्याच्यापुढे ठेवलं आणि चहाचा कप त्यावर ठेवणार नाही एवढी काळजी घेतली. त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "तिचं छप्पर दिसतच नव्हतं गं. ती विचारायची, छप्पर कुठे गेलं. मी नंबर बदलले तर छप्पर दिसलं, ती टाळ्या पिटायला लागली. म्हणाली, बघ बाबा, लाल छप्पर किती छान दिसतंय. मी म्हटलं, हो."

"मग तेव्हाच सांगायचंस."

"सांगणार होतो. तेवढ्यात तिने शाळेत सांगितलं."

"आणि गिऱ्हाइकाचा सेट? तो तुझा कायदा?"

"कायदा होताच," दादा म्हणाला. "पण पाच मिनिटं मोडला असता मी. तिच्यासाठी मोडला असता. पण रंगीत सेट जोडला असता तर हिरवं छप्पर दिसलं असतं. मग कायद्याच्या आड लपलो."

म्हणजे ही अशी गंमत. गल्लीतला सगळ्यात प्रामाणिक माणूस, ज्याने परक्याच्या टीव्हीवर एक गाणं पाहिलं नाही, तो सात वर्षांच्या मुलीशी एकदाच खोटं बोलला आणि ते झाकायला सदतीस वर्षं 'बघू' म्हणत राहिला. आणि ती बिचारी समजत राहिली, की बापाला गिऱ्हाईक आपल्यापेक्षा जवळचं. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही कीव आली. मी चहाचे कप विसळायला गेले.

शनिवारी सकाळी मी खाली आले तेव्हा दादा डबा उघडून बसलेला. हातात प्लॅस्टिकचा बारीक स्क्रू ड्रायव्हर. आत रंगाचा एक क्रिस्टल असतो आणि त्याशेजारी तीळभर पेच. तो पेच जरा जरी हलला तरी टीव्हीला रंग ओळखू येत नाहीत आणि तो सगळं करडं दाखवतो. हे त्याला कालही माहीत होतं. तो डबा जन्मभर काळ्यापांढऱ्या टीव्हीलाच लागलेला, त्यामुळे पेच हललाय की नाही हे कळायचीही कधी सोय नव्हती.

"टॉर्च धर," दादा म्हणाला.

त्याने आरशात बघत पेच केसभर फिरवला. काही नाही. आणखी केसभर. पडद्यावरून एक रंगीत लहर सरकून गेली आणि पुन्हा करडं झालं. मग त्याने पेच किंचित मागे घेतला, आणि आरशात, टेबलावरच्या सगळ्या पसाऱ्याच्या वर, आमच्या घराचं चित्र रंगीत झालं. मी गर्रकन मागे वळले. पिवळंधमक आभाळ, हिरवं छप्पर, जांभळं झाड, आणि दारात निळ्या फ्रॉकची एवढीशी खारू. इतकं भडक, इतकं विचित्र घर मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला ते भयंकर आवडलं.

"दादा," मी म्हणाले, "ती उद्या येणार. आज अख्खा दिवस आहे. चार नंबर बदल, कॅसेट पुन्हा भर. लाल छप्पर, निळं आभाळ. तिला काय कळतंय? तिच्या मनासारखं होईल आणि तुझीही सुटका."

मी हे म्हणाले खरी. मला पुढे त्याची लाज वाटली, पण त्या वेळी मनापासून म्हणाले.

दादाने बोटं त्या रबरी बटणांवर ठेवली. बराच वेळ ठेवली. मग म्हणाला, "बघू." आणि मला वर पाठवून दिलं.

रविवारी दहाच्या सुमारास खारू आली. चव्वेचाळिशीची बाई, कानाशी दोन केस पांढरे, हातात रिकाम्या खोक्यांची चळत. "बाबा, कसे आहात? आत्या, तू बारीक झालीस का?" मी बारीक झाले नव्हते, पण मुलगी चांगल्या वळणाची आहे. तिने पदर खोचला आणि खण रिकामे करायला सुरुवात केली. कॉम्प्युटरचं नाव काढलं नाही. मीच शेवटी न राहवून म्हणाले, "अगं, तो टीव्ही माझा आहे, दुपारपर्यंत वर न्यायचाय. काय ते बघून घ्या."

दादाने खुर्ची ओढून टीव्हीसमोर ठेवली. गिऱ्हाइकासाठी ठेवायचा तशीच. खारू बसली. तो तिच्या मागे उभा राहिला आणि कॅसेट सुरू केली. त्या चार मिनिटांत त्या आवाजावर तिचा पाय हलायला लागला, तिला कळलंही नाही. मी मात्र देवाचं नाव घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. मला माहीत नव्हतं, त्या कॅसेटवर आता कुठलं घर आहे.

पहिली पट्टी उमटली. पिवळी.

पट्टीखाली पट्टी येत गेली. पिवळं आभाळ. हिरवं छप्पर. जांभळं झाड.

खारू बघत राहिली आणि एकदम हसली. "हे काय हो बाबा? रंग चुकले की याचे. छप्पर हिरवं कसं?"

आता तो सहज म्हणू शकत होता, की जुनं यंत्र आहे, असं होतं. मी म्हटलं असतं.

"यंत्राचं नाही चुकलं," दादा म्हणाला. "मी चुकवले." आणि त्याने सगळं सांगितलं. छप्पर आभाळात कसं हरवलं ते, नंबर कसे बदलले ते, मैत्रिणी आल्या त्या दुपारपासून काय काय झालं ते. कसलीही सारवासारव न करता, रजिस्टरमधली नोंद वाचून दाखवावी तसं. शेवटी म्हणाला, "गिऱ्हाइकाचा सेट जोडला असता मी. मला तुझ्यापुढे खोटं पडायचं नव्हतं. म्हणून नाही जोडला."

खारूचं हसू कधीच गेलं होतं. ती उठली, आत जाऊन माठातलं पाणी प्यायली, आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. दादा रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा, टीव्हीवर ते भडक घर.

ती आतूनच म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला लोकांचे टीव्ही माझ्यापेक्षा जवळचे. इतकी वर्षं वाटायचं. मला मूल झालं तेव्हाही वाटायचं."

"हो," दादा म्हणाला. "माझ्यामुळे वाटायचं."

"तुम्ही मला घाबरत होतात?"

"तुलाच. सात वर्षांची होतीस, पण तुझ्या नजरेतून काही सुटायचं नाही."

ती बाहेर आली. डोळे लाल होते, पण आवाज खिडकीतला नव्हता. तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "काल तुम्ही हे गुपचूप बदलू शकला असतात. मला कळलं नसतं."

"तुझ्या आत्याने सुचवलं होतं."

मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर काही नव्हतं.

खारूने स्टूल टेबलाशी ओढलं आणि बसली. "चला. आभाळ किती?"

"एक," दादा म्हणाला. "निळा एक. लाल दोन."

तिने टाइप केलं, तो शेजारी उभा राहून ओळ सांगत गेला. एकदा तिने चुकीचं बटण दाबलं तर दादा तिच्यावर खेकसला आणि तीही त्याच्यावर खेकसली, आणि मला बरं वाटलं. आभाळ निळं झालं. छप्पर लाल झालं, असं लाल की नजर ठरेना, आणि निळ्या आभाळावर अगदी स्वच्छ दिसलं. फ्रॉक पिवळा झाला. झाडाशी आल्यावर ती थांबली. थोडा वेळ त्या जांभळ्या झाडाकडे बघत राहिली.

"हे राहू दे," ती म्हणाली. "हे तुमचं."

कॅसेट पुन्हा भरून झाली तेव्हा दादाने चौथं रजिस्टर आणलं, पान उघडलं आणि तिच्यापुढे पेन ठेवलं. खारूने नोंद वाचली. 'गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही' या ओळीवरून तिने एकदा बोट फिरवलं. मग पेन उचललं.

"थांब," दादा म्हणाला. "आधी पाच मिनिटं बघ. डोळ्यांनी बघा, मग सही करा."

"बाबा, मी सदतीस वर्षं थांबलेय."

"मग आणखी पाच मिनिटं."

ती निमूटपणे खुर्चीत जाऊन बसली. आम्ही दोघं तिच्या मागे उभे राहिलो. पाच मिनिटं फक्त माझा टीव्ही बारीकसा गुणगुणत होता. मग तिने उठून शेवटच्या रकान्यात सही केली. बँकेत करते ती लांबलचक नव्हे. नुसतं 'खारू' लिहिलं, मोठ्या अक्षरात, सात वर्षांची असताना लिहायची तसं.

दादाने शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली. रजिस्टर मिटलं. मग स्टुलावर चढला आणि आम्ही दोघी नको नको म्हणत असताना दारावरची पाटी स्वतःच्या हाताने उतरवली.

"झालं," तो म्हणाला. "काम काही बाकी नाही."

"आणि कोपऱ्यातला तो सेट?" मी विचारलं.

"तो गिऱ्हाइकाचा आहे," दादा म्हणाला. "त्याला हात लावू नका."